खेळाडू-राखण, कबड्डीतील

संघाच्या करारबद्ध खेळाडूंपैकी कोणास पुढील हंगामासाठी कायम ठेवावयाचे व कोणास लिलावासाठी मुक्त करावयाचे, हे ठरविण्याची पद्धती. प्रो कबड्डी लीगमध्ये (प्रारंभ २०१४) राखलेल्या खेळाडूंचे प्रमुख, युवा व नवोदित युवा असे वर्ग रूढ झाले. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये याच्याशी मिळतीजुळती पद्धती आढळते. तेथे दुय्यम संघांतील होतकरू खेळाडूस ४० जणांच्या यादीत घेतल्यास संरक्षण मिळते. ठराविक हंगामांनंतरही यादीबाहेर राहिलेल्यास डिसेंबरमधील निवडीत अन्य संघ घेऊ शकतो.

युवा खेळाडूची पारख अवघड असते. शहापूर, मुरबाड यांसारख्या ठाणे जिल्ह्यातील ग्रामीण तालुक्यांतील मुलगा जिल्हा निवड चाचणीत प्रथम वजनमर्यादा असलेल्या किशोर गटात व पुढे कुमार गटात दिसतो. मॅटवर, वजनदार प्रौढ बचावपटूंसमोर त्याची चपळाई टिकेल काय, हे केवळ गुणसंख्येवरून कळत नाही. म्हणून प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा, चढाईतील निर्णयक्षमता, वय व दुखापती यांचाही विचार करावा लागतो.

यू मुम्बाकडून २०१८ मध्ये पदार्पण केलेला चढाईपटू अर्जुन देशवाल पुढे मुक्त झाला. २०२१ च्या लिलावात जयपूर पिंक पँथर्सने त्यास ९६ लाख रुपयांना घेतले व २०२२ मध्ये तो संघ विजेता ठरला. याउलट पुणेरी पलटणने नवोदित अस्लम इनामदार यास राखले. त्याच्या नेतृत्वाखाली संघाने मार्च २०२४ मध्ये विजेतेपद मिळविले. जागा मर्यादित असल्याने एकास राखणे म्हणजे दुसऱ्यास सोडणे होय. त्यामुळे आजची कामगिरी व उद्याची शक्यता यांची तुलना अटळ ठरते.