मुलगा नाचतो, यात हसण्यासारखं काय आहे?

आजचा भाग एका हसण्याबद्दल आहे. काही सेकंदांचंच हसणं, पण त्यात बरंच काही दडलंय.

तारीख 22 ऑगस्ट 2019. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘गुड मॉर्निंग अमेरिका’ हा सकाळचा कार्यक्रम चालू आहे. बातमी अगदी हलकीफुलकी. इंग्लंडचा राजपुत्र जॉर्ज, तेव्हा वय वर्षं 6, शाळेत यंदा काय काय शिकणार? निवेदिका लारा स्पेन्सर यादी सांगतात. गणित, विज्ञान, इतिहास, प्रोग्रामिंग, कविता आणि बॅले. बॅले म्हटल्याबरोबर त्यांना हसू फुटतं. स्टुडिओतले इतरही हसतात. जॉर्जला बॅले खूप आवडतं असं वडील प्रिन्स विल्यम म्हणतात, हे सांगून बाई वर पुस्ती जोडतात, की बघू या ही आवड किती दिवस टिकते ते!

आता गंमत बघा. मुलांनी नाचू नये, असं इथं कोणीच म्हणालं नाही. म्हटलं असतं तर वाद तरी घालता आला असता. पण हसण्याशी वाद कसा घालणार? ‘अहो, मी जरा मजा केली’ म्हटलं की विषय संपला, उलट तुम्हीच चिडखोर ठरता. आणि विनोद कळायला आधी एक नियम मान्य असावा लागतो. ‘बॅले मुलींचं’ हा नियम डोक्यात असेल तरच ‘जॉर्ज बॅले शिकतो’ हे वाक्य विनोदी वाटतं, नाहीतर ती फक्त शाळेच्या वेळापत्रकाची माहिती आहे. म्हणजे हसणारा प्रत्येक जण त्या नियमावर नकळत सही करतो. आणि समोर टीव्हीपुढं बसलेला दहा वर्षांचा मुलगा, ज्याला कुणी काहीच शिकवलेलं नाही, तो तेवढ्यात शिकतो की आपली कुठली आवड लपवायची.

या प्रकरणाचा गवगवा झाला कारण नाचणारे गप्प बसले नाहीत. स्पेन्सर यांनी आधी इन्स्टाग्रामवर आणि मग 26 ऑगस्टला कार्यक्रमातच माफी मागितली. रॉबी फेअरचाइल्ड, ट्रॅव्हिस वॉल आणि फाब्रिस काल्मेल्स या तीन नर्तकांशी त्या बोलल्या. लहानपणी काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते या लोकांनी सांगितलं. त्याच दिवशी बाहेर टाइम्स स्क्वेअरमध्ये 300च्या आसपास लोक जमले आणि भर रस्त्यात त्यांनी बॅलेचा तास घेतला. घोषणा देण्यापेक्षा हे मला फार आवडलं. बघा, आम्ही आहोत, एवढंच.

आणि इतिहास बघाल तर तो उलटाच आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतः दरबारात नाचायचा, त्यानं 1661 मध्ये नृत्याची अकादमी काढली. पॅरिसच्या ऑपेरात व्यावसायिक नर्तिका मंचावर आल्या त्या 1681 मध्ये. तोवर बायकांच्या भूमिकाही पुरुषच नाचत होते.

बरं, हे सगळं साहेबाच्या देशातलं. आपण मराठी माणसं फार वेगळी आहोत का? गणपतीच्या मिरवणुकीत पोरगं चार तास नाचलं तर कोणी हसत नाही. शाळेच्या मैदानावर लेझीम चालतं, वरातीत नाच चालतो. म्हणजे अडचण नाचाची नाहीच. तोच मुलगा पायात घुंगरू बांधून, हस्तमुद्रा शिकायला, रीतसर क्लासला जायला लागला की कुजबुज सुरू होते. मुलानं धांगडधिंगा करावा, पण नजाकत शिकू नये! आणि त्या कुजबुजीसाठी आपल्याकडे शब्द तयार आहे: नाच्या.

हा शब्द मुळात शिवी नव्हे. तमाशात स्त्रिया येण्याआधी बाईचं सोंग घेऊन नाचणारा तो नाच्या पोऱ्या. फडातलं ते एक काम होतं, आणि अवघड काम होतं. शब्दाला आज जो वास येतो तो येण्यात सिनेमाचा वाटा मोठा आहे. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी तमाशापटांमधून नाच्या इतका हुबेहूब उभा केला, की ‘आत्ता गं बया’ म्हटलं की आजही तेच आठवतात. थिएटर हसायचं. पण लोक पडद्यावरचं माणसाच्या घरापर्यंत घेऊन गेले. संसारी माणूस, पण खऱ्या आयुष्यातही तो ‘तसाच’ असणार, ही शंका त्यांचा पिच्छा सोडेना. मुलांची लग्नं जमवतानाही त्याचा त्रास झाला. टाळ्या घेणाऱ्या कलावंताची ही गत, तर क्लासला जाणाऱ्या पोराची काय होईल!

आनंद यादवांच्या कादंबरीवरचा ‘नटरंग’ 2010 मध्ये आला, तेव्हा पहिल्यांदाच अनेकांनी नाच्याकडे हसण्याच्या पलीकडे जाऊन पाहिलं. अतुल कुलकर्णींचा गुणा आधी पिळदार पैलवान गडी असतो, मग नाच्या होतो. माणूस तोच, पण लोकांची नजर बदलते. दिग्दर्शक रवी जाधवांनी ते नीट दाखवलं. तरी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत आजही हात मुरडून, कंबर हलवून चालणारा पुरुष हा हमखास हशा मिळवायचा उपाय आहे. लिहायला सोपं, त्यामुळं ते सुटत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या लक्षात येत नाही, ती कौतुकातली. ‘मुलगा असूनही भरतनाट्यम शिकला’, असं आपण सहज बोलतो, बातम्याही तशाच लिहिल्या जातात. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण कथक ज्यांच्या नावानं ओळखलं गेलं ते बिरजू महाराज. कथकली शेकडो वर्षं पुरुषांनीच केलं. मग हे ‘असूनही’ आलं कुठून? पुढच्या वेळी घरातल्या मुलाचं कौतुक करताना तेवढा शब्द गाळून बघा. वाक्य पूर्ण होतं.