बॉडी जुनी चालेल, लेन्स नीट निवडा

कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरवर पहिला प्रश्न हमखास येतो तो मेगापिक्सेलचा. खरं तर हा प्रश्न आता विचारण्याजोगा राहिलेला नाही. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या सुरुवातीच्या पातळीवरच्या बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांमध्ये १८ ते २४ मेगापिक्सेल असतात. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ६,००० गुणिले ४,००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके या दर्जाने छापला तर वीस इंच रुंद होतो. घराच्या भिंतीवर याहून मोठा फोटो फार थोडे लोक लावतात. निकॉनचा २००६ सालचा डी४० अवघ्या ६ मेगापिक्सेलचा होता आणि त्यावर काढलेले दहा इंची प्रिंट आजही सुरेख दिसतात.

डीएसएलआर सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो २००३ मध्ये. कॅननने त्या वर्षी ईओएस ३००डी एक हजार डॉलरच्या आत आणला. रचना मात्र फिल्मच्या काळातलीच. लेन्समधून आलेला प्रकाश आतल्या तिरप्या आरशावर पडतो, तिथून वर वळून डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबलं की आरसा उचलला जातो, शटर उघडतं आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. तो ओळखीचा ‘खटाक’ आवाज त्याचाच. स्वस्त मॉडेलमध्ये वरच्या भागात काचेच्या भरीव प्रिझमऐवजी आरशांची जोडणी असते, त्यामुळे व्ह्यूफाइंडर थोडा लहान आणि मंद दिसतो. शिवाय त्यात चौकटीचा सुमारे ९५ टक्केच भाग दिसतो. म्हणून फोटो मोठा करून पाहिल्यावर कडेला कुणाचा तरी कोपर किंवा विजेची तार उगवलेली सापडते. नवशिक्याने शटर दाबण्याआधी चौकटीच्या कडांवरून नजर फिरवायची आणि थोडी मोकळी जागा सोडायची सवय लावून घ्यावी.

बॉडींमध्ये निवड करायची तर ती हाताळणीवर करावी. २०१८ चा निकॉन डी३५०० बॅटरी आणि कार्डासकट ४१५ ग्रॅमचा, एका चार्जिंगमध्ये १,५५० फोटो काढण्याची क्षमता असलेला, आणि नवशिक्याला पायरीपायरीने सांगणारा ‘गाइड’ मोड असलेला. त्याच वर्षीचा कॅनन १५००डी तसा साधा, ५०० फोटोंना पुरणारा. त्याचा स्क्रीन हलत नाही आणि त्याला टचही नाही. २०१९ चा कॅनन २००डी मार्क २ या तिघांत सर्वांत सोयीचा. स्क्रीन बाहेर वळतो, बोटाने फोकस करता येतो आणि स्क्रीनवर पाहून फोटो किंवा व्हिडिओ घेताना फोकस झटपट लागतो. ज्यांना व्हिडिओ करायचा आहे त्यांनी १५००डीच्या वाटेला जाऊ नये. कॅननच्याच ३०००डीमध्ये लेन्स बसवायची कडी धातूऐवजी प्लॅस्टिकची आहे. जिथे लेन्स वारंवार काढायची-घालायची, तिथे ही काटकसर नकोशी वाटते.

पण फोटोचा दर्जा ठरतो तो लेन्सवर. बॉडीसोबत मिळणारी १८-५५ची किट लेन्स वाईट नाही. उन्हात, सहलीत, देवळाच्या आवारात ती चोख काम करते. तिची अडचण अंधारात कळते. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलगी रंगमंचावर नाचते आहे, पालक तिसऱ्या रांगेत आहेत. ५५ मिलिमीटरवर किट लेन्सचं अॅपर्चर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. तिथल्या उजेडात शटर समजा सेकंदाचा विसावा भाग उघडं ठेवावं लागलं, तर हात, ओढणी, चेहरा सगळं पुसट. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर थांबवतं. नाचणाऱ्या मुलीला थांबवत नाही. त्याच जागी एफ/१.८ची लेन्स लावली तर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो आणि शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागापर्यंत नेता येतं. घुंगरांसकट उचललेलं पाऊल स्पष्ट मिळण्याची शक्यता तेव्हा कितीतरी वाढते.

अशी लेन्स महागच असेल, हा समज खोटा आहे. कॅननची २०१५ मध्ये आलेली ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम ही जेमतेम १६० ग्रॅमची लेन्स दहा हजारांच्या आसपास मिळते. झूम नाही, चालत पुढे-मागे व्हावं लागतं. ती घेण्याआधी एक हिशोब मात्र करावा. या कॅमेऱ्यांचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो. त्यामुळे कॅननवर ५० मिलिमीटरची लेन्स ८० सारखी आणि निकॉनवर ७५ सारखी वागते. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला पाठ लावून, कॅमेरा उभा धरूनही समोर उभ्या माणसाचं पाऊल चौकटीत येत नाही. चेहरे, बाळाचे फोटो, व्यासपीठावरचे कार्यक्रम यांसाठी ५० उत्तम. पण घरातला वाढदिवस, स्वयंपाकघर, बाजारातली गल्ली टिपायची तर निकॉनवाल्यांनी ३५ एफ/१.८ आणि कॅननवाल्यांनी बिस्किटासारखी चपटी २४ एफ/२.८ घ्यावी. ज्याला एकच जादा लेन्स परवडते, त्याने याच लहान आकड्याकडे वळावं. घरगुती फोटोंमध्ये जागा अपुरी पडण्याची तक्रार फार लवकर सुरू होते.

निकॉन घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दुकानात जाण्यापूर्वीच पक्की करावी. डी३५००, डी५६०० यांसारख्या बॉडींमध्ये फोकस फिरवणारी मोटर नाही. ‘एएफ-डी’ प्रकारची जुनी, स्वस्त ५० मिलिमीटर लेन्स त्यांवर बसते, फोटोही निघतो, पण ऑटोफोकस होत नाही. प्रत्येक वेळी हाताने रिंग फिरवायची. लेन्सवर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लिहिलेलं पाहूनच पैसे द्यावेत. त्यातही नवी एएफ-पी लेन्स २०१० च्या डी३१०० सारख्या जुन्या बॉडीला चालत नाही. कॅननमध्ये हा गोंधळ नाही, कारण १९८७ मध्ये ईएफ माउंट आणताना कंपनीने मोटर लेन्समध्येच घातली.

पक्ष्यांचा नाद असेल तर गोष्ट वेगळी. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला हिवाळ्यात रोहित पाहायला जाणाऱ्यांना किट लेन्समधून पाण्यावर गुलाबी ठिपके दिसतात, एवढंच. कॅननची ५५-२५० एसटीएम तिथे ४०० मिलिमीटरसारखी वागते. होडीतून बसल्या बसल्या थव्याची चौकट तिच्यात छान भरते; एकट्या पक्ष्याच्या डोळ्यातली चमक हवी तर १५०-६०० सारखी जड, महाग लेन्स लागते. ती पहिल्या वर्षी घेऊ नये. कासच्या पठारावरच्या फुलांसाठी सुरुवातीला किट लेन्स ५५ वर ठेवून जवळ गेलं तरी भागतं.

एवढं वाचल्यावर कुणी विचारेल, की आता डीएसएलआर घ्यावाच कशाला? प्रश्न रास्त आहे. निकॉनने डी३५००चं उत्पादन बंद केलं आहे आणि दोन्ही मोठ्या कंपन्यांचं लक्ष मिररलेसकडे वळलं आहे. ज्याचं बजेट मोकळं आहे त्याने थेट कॅनन आर५० किंवा निकॉन झेड ३० पाहावा. पण कॉलेजात शिकणाऱ्या, शिष्यवृत्तीतून किंवा पहिल्या पगारातून कॅमेरा घेणाऱ्या मुलांसाठी इतका चांगला काळ पूर्वी नव्हता. लोक आपले डीएसएलआर विकून मिररलेसकडे जात आहेत आणि उत्तम लेन्स निम्म्याहून कमी किमतीत बाजारात येत आहेत. त्या उद्या वायाही जात नाहीत. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आर मालिकेवर पूर्ण ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर एएफ-एस लेन्स चालतात, एएफ-डीला मात्र तिथेही फोकस हातानेच करावा लागतो.

मुंबईत सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात किंवा दिल्लीच्या चांदणी चौकातल्या कॅमेरा बाजारात जुना माल पाहताना घाई करू नये. भारतातली वॉरंटी आहे का, बिल आहे का, हे आधी विचारावं. शटर किती वेळा पडलं आहे ते पाहावं. या वर्गातल्या बॉडीसाठी एक लाख हा साधारण धरलेला आकडा आहे. मग अॅपर्चर एफ/१६ ला ठेवून आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढावा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी लगेच दिसते. ती साफ करता येते, त्यामुळे भावात घासाघीस करायला उपयोगी पडते.

लेन्सचं तसं नाही. तिची दोन्ही झाकणं काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारावा आणि तिरक्या नजरेने आत पाहावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट धागे दिसले तर ती बुरशी. काचेवरचा लेप ती खाते, आणि लेन्स खोलून साफ करण्याचा खर्च स्वस्त लेन्सच्या किमतीच्या जवळ जातो. अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत ठेवावी. कोकणात, मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हा धोका सर्वाधिक. कॅमेरा कपाटात, चामड्याच्या पिशवीत बंद करून ठेवणं सर्वांत वाईट, कारण चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या रंग बदलणाऱ्या पुड्या आणि शे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक पुरेसा होतो. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांमध्ये राहिला की झालं; वर सरकला की पुड्या बदलायच्या. पावसात कॅमेरा वापरून आणला असेल तर तो आधी कोरड्या कापडाने पुसून, पंख्याखाली नीट सुकू द्यावा आणि मगच डब्यात ठेवावा.