रत्नागिरीच्या अल्प थंडीत स्वीट पी

मंद सुगंध आणि फुलपाखरासारख्या पाकळ्या यांसाठी ओळखला जाणारा स्वीट पी हा थंड हवेचा वेल. पुणे-नाशिककडील बागांत तो हिवाळ्यात सहज फुलतो. रत्नागिरीत मात्र त्याची लागवड करणाऱ्यांचा अनेकदा हिरमोड होतो. बी रुजते, वेलही चढतो, पण फुले येण्याच्या सुमारास ऊन तापू लागते आणि वेल पिवळा पडतो. यात बियाण्याचा दोष क्वचितच असतो. बहुधा पेरणीची तारीख, जातीची निवड किंवा रोपांचे पहिले सहा आठवडे यांतच काहीतरी चुकलेले असते.

हा वेल मूळचा भूमध्य समुद्रालगतचा. १६९९ साली फ्रान्सिस्को कुपानी या धर्मोपदेशकाने सिसिलीतून त्याचे बी इंग्लंडला पाठविले आणि तेथून तो जगभर गेला. शरदातील पावसावर रुजायचे, थंडीत वाढायचे आणि उन्हाळा येण्यापूर्वी बी धरून संपायचे, हा त्याचा मूळ क्रम. भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर कोकणात घेतले जाणारे कडवे वाल आणि कुळीथ ही त्याच्याच कुळातील पिके. फरक एवढाच की ती येथील उबदार हिवाळा सोसतात. रत्नागिरीत ऐन थंडीतही रात्रीचे तापमान १८ ते २० अंशांच्या आसपास असते आणि फेब्रुवारीअखेर उन्हाचा चटका जाणवू लागतो. त्यामुळे स्वीट पीच्या वाट्याला जेमतेम तीन महिने येतात.

जात कोणती?

मोठ्या, झालरदार फुलांच्या ‘स्पेन्सर’ वर्गातील जातींना फुलण्यासाठी सुमारे बारा तासांचा दिवस लागतो. रत्नागिरीत डिसेंबरमधील दिवस अकरा तासांच्या आसपास असतो. म्हणजे या जाती कळ्या धरेपर्यंत मार्च उजाडतो आणि तोपर्यंत थंडी संपलेली असते. लहान दिवसांतही फुलणाऱ्या ‘हिवाळी’ किंवा ‘लवकर फुलणाऱ्या’ जातींचेच बी म्हणून घ्यावे.

पेरणी

पाऊस थांबताच घाई करणे योग्य नव्हे. ऑक्टोबरच्या उकाड्यात बी कुजते. महिन्याचा अखेरचा आठवडा ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा हा काळ बरा. बियांचे कवच कठीण असते. त्या रात्रभर पाण्यात भिजवाव्यात. सकाळी ज्या फुगलेल्या नसतील, त्यांच्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूस कानशीने किंचित घासावे. आतील गर दुखावता कामा नये.

या वेलाची मुळे सरळ खोल जातात आणि त्यांना धक्का सोसत नाही. म्हणून वर्तमानपत्राच्या कागदाच्या वीतभर उंचीच्या नळ्या करून त्यांत बी पेरावे. पुढे रोप कागदासकट लावता येते. जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि स्वीट पीला ती मानवत नाही. तीत चांगले कुजलेले शेणखत, थोडी वाळू आणि चिमूटभर चुना मिसळावा. बी दोन सेंटिमीटर खोल ठेवून नळ्या सावलीत, पण हवेशीर जागी ठेवाव्यात. उंदीर भिजलेले बी उकरून नेतात. त्यासाठी वर जाळी हवी. साधारण ८ ते १२ दिवसांत अंकुर दिसतो.

रोपांची निगा

अंकुर दिसताच नळ्या सकाळच्या कोवळ्या उन्हात आणाव्यात. सावलीत राहिलेली रोपे लांबट आणि लुळी होतात. या वयातील मोठा धोका म्हणजे बुंध्याशी कुजून रोप आडवे होणे. दमट हवेत ही बुरशी झपाट्याने पसरते. पाणी सकाळीच, मातीला आणि मातीचा वरचा थर सुकल्यावरच द्यावे. आडवे झालेले रोप मातीसकट काढून टाकावे. गोगलगाई रात्री कोवळे शेंडे खातात. त्या हाताने वेचणे उत्तम.

पानांच्या तीन-चार जोड्या आल्यावर शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात. मात्र खुडण्यामुळे फुलोरा काही दिवस लांबतो. नोव्हेंबरच्या मध्यानंतर पेरलेल्या रोपांचा शेंडा खुडू नये.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात रोपे कायमच्या जागी लावावीत. खारा वारा थेट न लागणारी, दुपारी सावली मिळणारी पूर्वेची बाजू निवडावी. आधाराला सुक्या डहाळ्या किंवा सुतळीचे जाळे द्यावे. ताण्यांना जाड काठी पकडता येत नाही. मुळांवरील गाठींमुळे हा वेल नत्र स्वतःच मिळवतो. युरिया दिल्यास पाने वाढतात, फुले कमी येतात. बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यास मुळे थंड राहतात.

हे सारे जमल्यास जानेवारीअखेर फुले येतात. ती रोज काढावीत. शेंग धरली की वेल फुलणे थांबवतो. नावात ‘पी’ असले तरी या शेंगा खाण्याच्या नाहीत. लाखेच्याच प्रजातीतील या वेलाचे बी विषारी असल्याने ते मुलांपासून दूर ठेवावे.

एवढे करूनही रत्नागिरीत बहर महिनाभर टिकला तरी पुष्कळ. ज्यांना दीर्घकाळ फुले हवीत, त्यांच्यासाठी याच कुळातील गोकर्ण आहे. त्याचेही बी कठीण असते. तसेच घासून, भिजवून जूनमध्ये पेरले की तो कोकणच्या उष्म्यातही जोमाने चढतो. त्याला सुगंध नाही. स्वीट पीसाठी एवढी यातायात करायची ती त्या सुगंधासाठीच.