यंत्र फिरते, पण पाणी तापते का?

एका वयोवृद्ध गृहस्थांची ही हकिकत आहे. ते सहा महिने सांगलीला थोरल्या मुलाकडे आणि सहा महिने साताऱ्याला धाकट्याकडे राहत. त्यांना जांघेत व कमरेच्या घडीत गजकर्ण झाले होते. सांगलीत ते बरे होई आणि साताऱ्यात आले की महिन्याभरात पुन्हा उठे. बुरशीला घाम व दमट उष्मा मानवतो. त्या हिशेबाने हा त्रास सांगलीच्या उन्हाळ्यात वाढायला हवा होता, साताऱ्याच्या थंडीत नव्हे. औषध तेच होते, पथ्य तेच होते. शिवाय साताऱ्याची सून त्यांचे सगळे अतिशय निगुतीने करणारी. दोन वेळा औषधे बदलून झाल्यावर मी तिला विचारले, “यांचे कपडे कसे धुता?” ती म्हणाली, “डॉक्टर, मशीनमध्ये, साठ अंशांवर. अगदी तुम्ही सांगितले तसेच.” सांगलीत हेच कपडे तांब्याच्या बंबातल्या कढत पाण्यात भिजत होते.

यंत्राच्या पटलावर साठचा आकडा दिसत होता; पाणी मात्र नळाच्या पाण्याइतकेच गार होते. यंत्राचा हीटर कधी निकामी झाला, हे घरात कोणालाच कळले नव्हते.

या बिघाडाची खोच इथेच आहे. मोटर बंद पडली तर यंत्र थांबते, पाणी गळले तर फरशी भिजते. हीटर गेला तर काही यंत्रे चूक दाखवतात, तर काही मुकाट्याने फिरत राहतात. साबण मळ काढतो, कपडे स्वच्छ दिसतात, त्यांना सुवासही येतो. गजकर्णाची बुरशी मात्र ३० अंशांच्या धुण्यातून तगून राहू शकते. ६० अंशांच्या पूर्ण धुण्यात ती मरते. अंथरुणातील धूलिकीटकांना मारण्यासाठीही ५५ ते ६० अंशांचे पाणी लागते. ज्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, मलमूत्राने चादरी भिजतात, मधुमेह आहे, त्या घरी हा आकडा औषधाच्या मात्रेइतकाच महत्त्वाचा ठरतो.

यंत्रात पाणी कसे तापते, ते थोडक्यात पाहू. पुढून दार असलेल्या बहुतेक यंत्रांत ड्रमखाली हीटरची नळी असते. तिची शक्ती साधारण दीड ते दोन हजार वॅट. शेजारी तापमान ओळखणारा संवेदक असतो. पुरेसे पाणी भरल्याची खूण पाण्याच्या दाबावर चालणारा स्विच देतो. ती मिळाल्याशिवाय हीटर सुरू होत नाही. वरून झाकण असलेल्या पुष्कळ यंत्रांत हीटर नसतोच. म्हणून आपल्या यंत्रात तो आहे का, हे आधी माहितीपुस्तिकेत पाहावे.

निदानाची रीत रोग्याची असते तीच: आधी विचारपूस, मग तपासणी, शेवटी चाचण्या.

विचारपूस अशी करावी. कोणता कार्यक्रम लावता? झटपट धुण्याच्या कार्यक्रमात पाणी पुष्कळदा तापतच नाही किंवा कोमटच राहते. तापमानाचे बटण कोणाच्या हातून ‘कोल्ड’वर गेले आहे का? बचतीच्या कार्यक्रमात पाणी लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी तापू शकते. नळाला धार बारीक येते का? अर्ध्या तक्रारी या प्रश्नांतच मिटतात.

मग तपासणी. यंत्र रिकामे ठेवून सुती कपड्यांचा ६० अंशांचा कार्यक्रम लावा. दोन हजार वॅटच्या हीटरला दहा-बारा लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर नेण्यास साधारण वीस मिनिटे लागतात. अर्ध्या तासाने दाराच्या काचेला हाताची मागची बाजू क्षणभर लावा. काच स्पष्ट गरम लागली पाहिजे. मधुमेहाने ज्यांच्या हातापायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी ही परीक्षा स्वतः न करता घरातील दुसऱ्याला करू द्यावी. ६० अंशांचे पाणी प्रौढाची त्वचाही पाच-सहा सेकंदांत भाजते. वृद्धांची त्वचा त्याहून नाजूक असते. म्हणून मोरीत सुटणाऱ्या पाण्याखाली हात धरू नये. शिवाय काही यंत्रे पाणी सोडण्यापूर्वी त्यात गार पाणी मिसळतात, त्यामुळे मोरीतले पाणी पाहून चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. आणखी एक विनंती: तापाचा थर्मामीटर यासाठी वापरू नका. तो ४२ अंशांपर्यंतच मोजतो. काचेचा असेल तर फुटेल आणि पारा सांडेल.

चाचणी घरच्या वीजमीटरवर करता येते. गिझर, पंप, इस्त्री बंद ठेवा. फ्रिजही थोडा वेळ बंद करा. डिजिटल मीटरवर वीज वापरली जाईल तसा एक लहान दिवा लुकलुकतो. ड्रम नुसता हळूहळू फिरत असताना त्याची गती संथ असते. हीटर लागला की ती एकदम भरभर होते. कार्यक्रमाच्या पहिल्या अर्ध्या तासात ही गती कधीच वाढली नाही आणि काचही गारच राहिली, तर पाणी तापत नाही हे निदान जवळजवळ पक्के समजा.

यापुढचे काम तंत्रज्ञाचे. तो वीज तोडून मल्टिमीटरने हीटरचा रोध मोजतो. दोन हजार वॅटच्या हीटरचा रोध सुमारे २६ ओहम असतो. मीटरवर अनंत दिसले तर आतली तार तुटलेली आहे. हीटर ठीक असेल तर संवेदक, दाबाचा स्विच, जळालेली जोडणी आणि सर्वांत शेवटी नियंत्रक पाटी पाहावी. न मोजता एकदम महागडी पाटी बदलायला सांगणाऱ्यास “आधी हीटर मोजलात का?” असे नम्रपणे विचारावे. तपासणीवाचून शस्त्रक्रिया आपण मान्य करत नाही. इथेही करू नये.

त्या गृहस्थांच्या घरी हीटरच जळाला होता आणि त्यावर क्षाराचा पांढरा जाड थर होता. धाकट्याची बदली होण्यापूर्वी हे यंत्र सांगलीत कैक वर्षे बोअरच्या जड पाण्यावर चालले होते. थर साचला की नळीची उष्णता पाण्यात नीट जात नाही, नळी आतून अतितप्त होते आणि अखेर तुटते. जड पाणी वापरणाऱ्यांनी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे क्षारनाशक घालून अधूनमधून रिकामे यंत्र गरम पाण्यावर चालवावे.

दोन लक्षणे मात्र तातडीची आहेत. गरम धुणे सुरू होताच घरातला गळतीरोधक स्विच वारंवार पडत असेल, तर हीटरच्या आवरणाला तडा जाऊन वीज पाण्यात उतरत असण्याची शक्यता असते. यंत्राला हात लावून झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग सदोष असू शकते. दोन्ही वेळी ओल्या हाताने काही करू नका; मुख्य स्विच बंद करा आणि दुरुस्तीपर्यंत यंत्र वापरू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली, तेव्हा सांगलीत कितीतरी घरांतली यंत्रे पुराच्या पाण्यात बुडाली. असे बुडालेले यंत्र वरून सुकलेले दिसले तरी तपासून घेतल्याविना कधीही सुरू करू नये.

दुरुस्ती होईपर्यंत रुग्णाचे कपडे वेगळे ठेवावेत आणि उकळीच्या पाण्यात निदान अर्धा तास भिजवून मग धुवावेत. पातेले उचलण्याचे काम घरातील वृद्धांकडे देऊ नये. कपडे उलटे करून कडक उन्हात पूर्ण वाळवावेत. कमरेच्या पट्ट्या व शिवणी दमट राहू देऊ नयेत. टॉवेल प्रत्येकाचा स्वतंत्र असावा. दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे लावू नयेत; त्यांनी खाज दबते आणि गजकर्ण पसरते. डॉक्टरांनी दिलेले औषध पुरळ दिसेनासे झाले तरी सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावे.

हीटर बदलला, औषधाचा क्रम पुन्हा पूर्ण केला आणि त्या साताऱ्याच्या मुक्कामात गजकर्ण परतले नाही. सूनबाई मात्र हिरमुसली होती. “माझ्याच घरी त्यांना त्रास झाला,” ती म्हणाली. तिला जे सांगितले, तेच सेवा करणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: तुमच्या सेवेत उणे नव्हते, आकड्यावर ठेवलेला विश्वास तेवढा चुकला. आजार पुनःपुन्हा उलटत असेल तर डॉक्टरांना औषधाविषयी जरूर विचारा. आणि त्याच दिवशी अर्धा तास काढून यंत्राच्या काचेलाही हात लावून पाहा.