वाळूचा झारा



पेण आणि रोहें या दोन्ही गांवांना पुळण नाहीं. पेणला भोगावती आहे, खाडीचा चिखल आहे आणि मिठागरें आहेत. रोह्याला कुंडलिका आहे. असें असूनही आमच्याकडील कांहीं मंडळींना एक विलक्षण छंद जडला आहे. धातुशोधक यंत्र खांद्याला अडकवून हीं माणसें सुटीच्या दिवशीं समुद्राकडे निघतात. पेणकरांना वडखळ-पोयनाडवरून अलिबाग, आक्षी आणि नागांव जवळ पडतात. रोहेकर चणेरें-साळाववरून खाडी ओलांडून रेवदंड्यास जातो, किंवा तसाच पुढें काशीद-मुरूडकडे वळतो. या मंडळींपैकींच मी एक. यंत्राविषयीं पुष्कळ बोललें जातें. मला आज बोलावयाचें आहे तें यंत्रामागून हातीं घ्यावयाच्या लांब दांड्याच्या झाऱ्याविषयीं.

झारा हा शब्द मीं मुद्दामच घेतला आहे. कढईंतून तळण काढून तेल निथळवणारा झारा आपण रोज पाहतों. सोनाराच्या दुकानांतील केर आणि राख घेऊन, ती धुऊन व गाळून, तींतील सोन्यारुप्याचे कण वेगळे काढणाऱ्या लोकांना आपल्याकडे झारेकरी म्हणत आले आहेत. पुळणीवर आम्ही करतों तें काम याच जातीचें. नको तें गळून जावें, हवें तें रहावें, एवढीच अपेक्षा. म्हणून या हत्याराला परका शब्द शोधण्याची गरज मला वाटली नाहीं.

यंत्राविषयीं दोनच शब्द. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरांतील गोळी शोधण्याकरितां १८८१ सालीं अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं असें एक साधन योजलें होतें. पुढें दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ च्या सुमारास, पोलंडचे कोसात्स्की यांनीं सुरुंग शोधण्याचें हातयंत्र सिद्ध केलें. तारेच्या वेटोळ्यांतून उलटसुलट वाहणाऱ्या विजेमुळें जवळच्या धातूंत भोंवरे उठतात आणि त्यांची चाहूल यंत्राला लागते. वस्तु कोठें आहे एवढेंच तें सांगतें. ती वर काढणें हें झाऱ्याचें काम; आणि नवशिका मनुष्य नेमका येथेंच फसतो, कारण त्याचा सर्व पैसा यंत्रांत गेलेला असतो व झाऱ्यासाठीं जें हातांत उरेल त्यावर तो भागवतो.

मीही तसेंच भागविलें होतें. दोन वर्षांमागें गौरीगणपतीच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं मला नागांवहून निरोप आला. तेथें माहेरीं आलेल्या एका बाईंचें मंगळसूत्र विसर्जनाच्या गर्दींत तुटून पाण्यांत पडलें होतें. मी पोंचलों तेव्हां दुपारचा एक वाजत आला होता. नवमीच्या आसपासचे ते भांगाचे दिवस. अशा दिवसांत ओहोटी लागली तरी पाणी फारसें मागें हटत नाहीं. जागा घोटाभर पाण्यांतच राहिली. बाई म्हणाल्या, "काका, सोन्याचें काय तें असो, पण त्या वाट्या माझ्या सासूबाईंच्या आहेत." अर्ध्या तासानें यंत्र स्वच्छ बोललें. मीं झारा रोंवला, एकदां उपसला, दोनदां उपसला. तिसऱ्या वेळीं कट् असा आवाज झाला आणि माझ्या हातांत नुसता दांडा राहिला. मग हातांनीं उकरलें, कोणीतरी नारळाची करवंटी आणून दिली, परंतु पाण्याखालचा खड्डा आपण उकरावा तसा भरत जातो. भरती लागली. मंगळसूत्र मिळालें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आणि तिसऱ्या दिवशींही मिळालें नाहीं.

तो मोडका झारा मीं अद्याप ठेवला आहे. भांड्याला मान जेथें जोडलेली होती तेथें केवळ वरच्या बाजूनें सांधा भरला होता. खालची बाजू तशीच उघडी. सांध्याभोंवतालचा काळसर डाग तसाच ठेवलेला, त्याखालीं गंजाची भेग. दांडा बसविण्यास लावलेले बोल्ट साध्या लोखंडाचे. विकतांना मला "समुद्रासाठीं खास" असें सांगण्यांत आलें होतें.

आतां थोडें गणित मांडूं. झाऱ्याची टांच वाळूंत टेकवून आपण दांडा मागें खेंचतों. टांचेपासून हात सुमारें १२० सेंटिमीटर दूर आणि भांड्याची धार २० सेंटिमीटर पुढें; म्हणजे हातानें २० किलोंचा जोर लावला तर धारेपाशीं तो सहापट, १२० किलोंचा होतो. हा सगळा ताण मान आणि भांडें यांच्या सांध्यावरून जातो. म्हणून झारा पाहतांना मी प्रथम भांड्याकडे पहात नाहीं, मानेकडे पाहतों. सांधा चहूंबाजूंनीं भरलेला हवा. मानेपासून भांड्याच्या पाठीवर उतरणारी एखादी आधारपट्टी हवी, म्हणजे ताण एका रेषेवर न पडतां पसरतो. पाय देऊन झारा रोंवण्याची सोय असेल तर ती पट्टीही त्याच आधाराला जोडलेली असावी. नुसत्या पातळ पत्र्यावर चिकटविलेली पायपट्टी पहिल्याच हंगामांत पत्र्यासकट फाटते.

धातूविषयीं बाजारांत फार घोटाळा आहे. लोखंडावर जस्त चढविलेला झारा स्वस्त पडतो व कोरड्या वाळूंत बरीच वर्षें चालतो. परंतु वाळू ही कानसच होय, ती धारेवरचें जस्त घांसून काढते आणि मग खारें पाणी आपलें काम करतें. स्टेनलेस पोलाद घ्यावयाचें तर तें कोणतें, हें विचारलें पाहिजे. ३०४ या प्रतींत सुमारें अठरा टक्के क्रोमियम व आठ टक्के निकेल असतें. ३१६ या प्रतींत त्याशिवाय दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतें व त्यामुळें मिठाच्या पाण्यानें पडणारे सुईच्या टोंकाएवढे खड्डे पुष्कळ टळतात. भांड्याकुंड्यांच्या बाजारांत मात्र २०२ ही प्रत फार खपते. तींत निकेलाचा बराचसा भाग मँगॅनीजनें भरून काढलेला असतो आणि समुद्रापाशीं ती लवकर डागाळते. "लोहचुंबक लावून पहा, चिकटला नाहीं तर माल अस्सल," असें दुकानदार सांगतात. हें अर्धेंच खरें आहे. साधें लोखंड त्यानें ओळखतां येईल. परंतु २०२ लाही चुंबक चिकटत नाहीं आणि ३०४ लाही नाहीं. उलट चांगल्या पत्र्याच्या वांकविलेल्या कोपऱ्याशीं चुंबकाची किंचित् ओढ जाणवते, तिला भिण्याचें कारण नाहीं. तेव्हां बिलावर प्रत लिहून घ्यावी हा एकच मार्ग. बोल्ट आणि चाकीही त्याच धातूच्या असाव्यात. खाऱ्या पाण्यांत स्टेनलेस पोलादाला टेंकलेलें साधें लोखंड एकटें असतें त्याहून लवकर झिजतें. दोन धातूंच्या त्या जोडींतून एक लहानशी विजेची बॅटरीच तयार होते आणि बळी लोखंडाचा जातो.

पत्र्याची जाडी दोन मिलिमीटर असावी. दीड मिलिमीटरचें भांडें कोरड्या पुळणीवर चालेल. याहून जाड नको, कारण वजन आपल्यालाच उचलावयाचें आहे. पंधरा सेंटिमीटर व्यासाचें आणि पंचवीस सेंटिमीटर लांबीचें भांडें सुमारें साडेचार लिटर वाळू घेतें, आणि ओली वाळू लिटरला दोन किलोंच्या आसपास भरते. म्हणजे प्रत्येक खेपेस आठ-नऊ किलो. तासाभरांत असे तीस-चाळीस उपसे झाले म्हणजे मोठें भांडें घेण्याची हौस आपोआप फिटते.

भोंकांच्या बाबतींत प्रत्येकाचें मत निराळें आहे. माझें मत काय पडायला नको यावरून ठरतें. सध्यांच्या नाण्यांत पन्नास पैसे १९ मिलिमीटरचे, रुपया सुमारें २० ते २२ चा आणि दहा रुपये २७ चे. अंगठीचा बाहेरचा व्यासही अठरा-वीसच्या खालीं सहसा नसतो. या वस्तु दहा मिलिमीटरच्या गोल भोंकांतून जाऊं शकत नाहींत. पण कुडी जाते, चमकी तर जातेच. म्हणून कोरड्या वाळूसाठीं सात-आठ मिलिमीटर आणि ओल्या वाळूसाठीं दहा, हें मला बरें वाटतें. ओली वाळू बारीक भोंकांतून उतरतच नाहीं. दहा मिलिमीटरचीं भोंकें चौदा मिलिमीटर अंतरानें तिरप्या ओळींत पाडलीं तर पत्र्याचा सुमारें शेंकडा ४६ भाग मोकळा होतो. याहून अधिक भोंकें पाडलीं तर वाळू भरभर गळते खरी, पण भांडें मऊ पडतें. धारेलगतची दोन-तीन बोटें रुंदीची पट्टी बिनभोंकाची ठेवावी, कारण धार तेथूनच चिरते. भोंकें आंतून बाहेर पाडलेलीं असावीं, म्हणजे शिंपल्यांचे तुकडे त्यांत अडकून बसत नाहींत. बोट फिरवून पाहिलें कीं कोणत्या बाजूनें पाडलीं आहेत तें कळतें. बोट जपून फिरवावें एवढेंच.

मंगळसूत्राविषयीं एक वेगळी गोष्ट आहे. बारीक साखळी यंत्राला फार कमी ऐकूं येते, कारण तिची प्रत्येक कडी सुटी असल्यानें विजेचे भोंवरे तिच्यांत मोठे होत नाहींत. आवाज येतो तो वाट्यांचा. आणि तुटलेली साखळी झाऱ्यांत आली तरी तिचें टोंक भोंकांतून बाहेर लोंबतें व जोरानें हालविल्यास तिच्यामागून सारें निसटतें. अशा वेळीं झारा झटकूं नये. पाण्यांत बुडवून हळूहळू डोलवावा.

दांडा लांकडी असावा कीं नळीचा, हा वाद मी मिटवूं शकणार नाहीं. सरळ शिरांच्या बाभळीचा दांडा, जवसाचें तेल पाजलेला, हाताला सुखाचा व मोडला तर कोणत्याही सुताराकडून पुन्हां मिळणारा. पोलादी नळी दोन्हीं तोंडांनीं पक्की बंद हवी, नाहींतर तिच्यांत पाणी व वाळू सांठून आंतून कुजते. कार्बन तंतूंचा दांडा फुलासारखा हलका, पण त्यावर खोल ओरखडा पडला कीं त्याचा भरवंसा धरूं नये. लांबी उभें राहून बेंबीच्या थोडी वर येईल एवढी. कंबर न वांकवितां काम व्हावें एवढ्यासाठींच लांब दांडा असतो.

माझा सध्यांचा झारा मीं रोह्याजवळ धाटाव येथें करवून घेतला. तेथील वसाहत रासायनिक कारखान्यांची असल्यामुळें आम्लें सहन करणाऱ्या पोलादाचें जोडकाम करणारे हात तेथें सांपडतात. कारागिरानें चित्र पाहिलें, हंसला, आणि "साहेब, हा कशाचा झारा, इतक्या भज्या कोण खाणार?" असें विचारलें, परंतु सांधा भरल्यावर त्यानें न सांगतां तो डाग घांसून व औषध लावून स्वच्छ करून दिला. पोलादाला गंजापासून वांचविणारा पातळ पापुद्रा त्या डागाखालीं धरत नाहीं, हें त्याला ठाऊक होतें.

आणखी एक सूचना कायद्याची. जमिनींत दडलेला दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणें कलेक्टरांना लेखी कळवावें लागतें. न कळविणें हा गुन्हा आहे. कुलाबा किल्ला किंवा रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट यांसारख्या संरक्षित स्थळांच्या आसपास तर झारा लावूंच नये. कोणाची अंगठी मिळाली तर ती त्याची त्याला, मालक न कळल्यास पोलिसचौकीवर. आणि उकरलेला प्रत्येक खड्डा बुजवावा. संध्याकाळीं त्याच वाळूंतून घोडागाड्या व मुलें धांवत असतात.

घरीं आल्यावर झारा गोड्या पाण्यानें धुवावा, मानेच्या सांध्यावर बोट फिरवून पहावें आणि बोल्ट आंवळावे. नागांवच्या त्या जागीं मी उधाणाच्या ओहोटीला अजून जातों. तुटक्या गळ, दोन अंगठ्या आणि भोंकाचा एक पैसा, एवढें तेथें मिळालें आहे.