उघड्या तोंडाचा संत आणि आपली अबोल मुले

कुपर्तिनोचे संत जोसेफ यांचा स्मरणदिन १८ सप्टेंबर रोजी येतो. विद्यार्थी परीक्षेच्या वेळी त्यांचा धावा करतात, हे पुष्कळांना ठाऊक आहे. अलीकडे स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांचे काही आईवडीलही त्यांना आपला कैवारी मानू लागले आहेत. ते का, हे आज आपण पाहू.

जोसेफ यांचा जन्म १६०३ साली दक्षिण इटलीतील कुपर्तिनो गावी झाला. वडील सुतार. कर्जापायी घर गेले आणि बाळाचा जन्म गोठ्यात झाला. हा मुलगा तोंड उघडे टाकून कुठेतरी टक लावून बसे. पोरांनी त्याचे नावच 'उघडतोंड्या' पाडले. शिकवलेले ध्यानात राहीना, राग चटकन येई. कापुचिन मठाने त्याला ठेवून घेतले. पण हातून भांडी फुटत, सांगितलेले काम विसरे, म्हणून आठ महिन्यांत परत पाठवले. शेवटी ग्रोतेल्लाच्या फ्रान्सिस्कन मठात खेचरांची निगा राखण्याचे काम मिळाले. तेथे, जनावरांच्या सहवासात, त्याची नम्रता आणि प्रार्थना वडीलधाऱ्यांच्या नजरेत भरली. १६२८ साली तो धर्मगुरू झाला.

पुढेही गैरसमज सुटले नाहीत. प्रार्थनेत ते देहभान हरपत, जमिनीवरून वर उचलले जात, असे पाहणाऱ्यांनी सांगितले. गर्दी लोटू लागली, धर्मन्यायालयात चौकशी झाली आणि त्यांना एका मठातून दुसऱ्या मठात, लोकांपासून दूर ठेवण्यात आले. त्यांनी कुरकुर केली नाही. १६६३ साली ओसिमो येथे ते निवर्तले. १७६७ साली पोप क्लेमेंट तेरावे यांनी त्यांना संतपद दिले.

जोसेफ स्वमग्न होते, असे आम्ही म्हणत नाही. साडेतीनशे वर्षांमागच्या माणसाची तपासणी कोण करणार? ख्रिस्तसभेनेही त्यांना या मुलांचे आश्रयदाते म्हणून अधिकृतपणे नेमलेले नाही. पण ज्याला जगाने 'बिनकामाचा' म्हटले, त्याला देवाने कामाचा ठरवले, एवढे मात्र खरे.

स्वमग्नता हा मेंदूच्या वाढीतला जन्मजात वेगळेपणा आहे. ती नजर लागून होत नाही, आईच्या दुर्लक्षाने होत नाही, लस टोचल्यानेही होत नाही. वर्षाचे मूल नावाने हाक मारली तरी वळून पाहत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोटाने वस्तू दाखवत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर 'होईल मोठेपणी नीट' म्हणून थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत आणि जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. तपासणीनंतर दाखला मिळू शकतो. हमखास बरे करणारे औषध कोणी विकत असेल, तर पैसे घालवू नयेत. लवकर सुरू केलेले बोलण्याचे व वागण्याचे शिक्षण मात्र उपयोगी पडते.

शेतकरी घराने आणखी काही गोष्टी पाहाव्यात. अशी काही मुले नकळत घराबाहेर पडतात, आणि पाण्याची त्यांना ओढ असते. म्हणून विहिरीला कठडा व झाकण हवे, कीटकनाशके कुलपात हवीत. मळणी यंत्राचा किंवा बँडचा आवाज कित्येकांना सोसवत नाही. तेव्हा मूल कान झाकून ओरडले, तर मारू नये, बाजूला न्यावे. मिस्सेत मूल हलले-बोलले, तर मागे वळून आईकडे डोळे वटारू नयेत.

मुलाला रोज ठरल्या वेळी, ठरलेले एकच काम द्यावे: कोंबड्यांना दाणे, रोपांना पाणी, शेंगांची निवड. एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि स्वतः करून दाखवावी. ठरलेपणात पुष्कळ मुलांना आधार वाटतो.

जोसेफ यांना एका मठाने परत पाठवले, दुसऱ्याने खेचरांच्या गोठ्यात जागा दिली. आपल्या धर्मग्रामातील अशा मुलाला आपण कोणती जागा देणार, हे या १८ सप्टेंबरला प्रत्येक घराने ठरवावे.