नव्वद दिवसांचे आईवडील

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हे जपानमधील ओकायामा शहराच्या कोराकुएन या तीनशे वर्षांपूर्वीच्या उद्यानाच्या धर्तीवर उभारलेले आहे. सकाळी तेथे फिरावयास येणाऱ्या निवृत्तांपैकी काहींना जपान आता या उद्यानापुरता उरलेला नाही. कोणाचा मुलगा टोकियोत संगणक क्षेत्रात आहे, तर कोणाची मुलगी योकोहामात. नातवंडाला पाहून आलेल्यांच्या गप्पांत चेरीचा बहर असतो आणि सेकंदावर धावणारी आगगाडीही असते. मात्र परतीची तारीख जाण्याआधीच ठरलेली होती, हे सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.

पुण्याचा जपानशी संबंध जुना आहे. टोकियोतील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचनात आल्यानंतर महर्षी कर्वे यांनी 1916 साली महिला विद्यापीठ स्थापिले. पुढे रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ यांनी या शहरात जपानी भाषेचे शिक्षण रुजविले. सन 2000च्या सुमारास संगणकातील वर्षबदलाचे काम निघाले आणि भारतीय तंत्रज्ञांचा जपानकडे ओघ वाढला. टोकियोच्या एदोगावा प्रभागातील निशीकासाई येथे भारतीयांची वसाहतच झाली. 2019 साली मराठी भाषक योगेंद्र पुराणिक त्या प्रभागाच्या सभागृहावर निवडून आले. जपानमधील भारतीयांची संख्या आता पन्नास हजारांच्या पुढे गेली आहे.

मुलाकडे जावयाचे म्हणजे आधी कागदपत्रे आली. मुलाने निमंत्रणपत्र पाठवावयाचे, हमीपत्र द्यावयाचे आणि आपल्या उत्पन्नाचा दाखला जोडावयाचा. ज्या आईवडिलांनी त्याच्या शाळेच्या अर्जावर पालक म्हणून सही केली, त्यांचा जामीनदार आता तो होतो. एवढे करून मुक्काम मिळतो तो फार तर नव्वद दिवसांचा.

येनच्या भावानेही या भेटीचे गणित बदलले. 2012 साली एका डॉलरला सुमारे 80 येन पडत. जुलै 2024 मध्ये हा आकडा 160च्या पुढे गेला. रुपयाच्या हिशेबात येन सुमारे 65 पैशांवरून 52 पैशांच्या आसपास उतरला. त्यामुळे आईवडिलांना जपान स्वस्त झाले खरे. पण मुलाने घरी पाठविलेल्या एक लाख येनचे 65 हजारांऐवजी 52 हजार रुपयेच हाती येऊ लागले. भेट सुलभ झाली आणि आधार रोडावला.

परंतु खरा प्रश्न पैशाचा नाही. जपानी कायद्यात नोकरदाराच्या कुटुंबाची व्याख्या पती, पत्नी व मुले एवढीच आहे. आईवडील तीत बसत नाहीत. उच्च कौशल्याच्या परवानाधारकांना तेवढी सवलत आहे. मात्र त्यासाठी घराचे वार्षिक उत्पन्न किमान 80 लाख येन हवे आणि घरात सात वर्षांखालील मूल असावे किंवा स्त्री गरोदर असावी. शिवाय पती वा पत्नी यांपैकी एकाच बाजूच्या आईवडिलांना राहता येते. याचा अर्थ उघड आहे. आजीने नातवाला सांभाळावे यासाठी दार उघडते. आजीला कोणी सांभाळावे, यासाठी नाही. नातवाचा सातवा वाढदिवस झाला की आजीच्या वास्तव्याचे कारण संपले.

दुसरी विसंगती अधिक बोचरी आहे. जपानने एप्रिल 2000 पासून वृद्धांच्या शुश्रूषेसाठी सक्तीची विमा योजना सुरू केली. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक रहिवाशाला, मग तो परदेशी का असेना, तिचा हप्ता भरावा लागतो. म्हणजे निशीकासाईतील पंचेचाळीस वर्षांचा पुणेकर जपानी वृद्धांच्या सेवेसाठी दरमहा पैसे भरतो आणि त्याच वेळी कोथरूडमध्ये एकट्या राहणाऱ्या आपल्या आईसाठी दिवसभराची बाई कोठे मिळेल, म्हणून दूरध्वनीवरून शोध घेत असतो. यात जपानचा अन्याय नाही. विम्याचा नियमच तो. उद्या तेथेच वृद्ध झाल्यास त्यालाही ती सेवा मिळेल. प्रश्न आपला आहे. भारत व जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षेचा करार 1 ऑक्टोबर 2016 पासून अमलात आला. पण तो निवृत्तिवेतनापुरता. आपल्याकडे 2007च्या कायद्याने आईवडिलांना निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला, तर 2024 मध्ये सत्तरीपुढील सर्वांना रुग्णालयातील उपचारांसाठी आयुष्मान योजनेचे छत्र मिळाले. मात्र रुग्णालयातून घरी परतल्यावर हात धरून न्हाणीघरापर्यंत कोणी न्यावयाचे, याची तरतूद यांपैकी कशातही नाही.

जपानची लोकसंख्या 2008च्या सुमारास शिखरावर पोहोचून उतरणीला लागली. तेथील दर शंभरांतील सुमारे एकोणतीस माणसे पासष्टीच्या पुढची आहेत. त्यामुळे त्या देशाला तरुण हात हवे आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये उभय पंतप्रधानांनी पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून पाच लाख माणसांच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला. त्यात भारतातून जपानला जावयाचे पन्नास हजार कुशल कामगार व होतकरू तरुण आहेत. या तरुणांच्या संगोपनाचा व शिक्षणाचा खर्च पुण्यासारख्या शहरांतील मध्यमवर्गाने सोसलेला आहे. तयार मनुष्यबळ देताना देणाऱ्याने काही अटी मांडल्या, तर त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. वैद्यकीय विम्याचा खर्च कुटुंबाने उचलावा आणि त्या बदल्यात वृद्ध आईवडिलांना वर्ष-दोन वर्षे राहू द्यावे, एवढी मागणी तरी वाटाघाटीत यावयास हवी. त्याचबरोबर जपानसारखी शुश्रूषा-विम्याची योजना येथेही, निदान पगारदार वर्गापासून, आरंभिली पाहिजे. जपानइतके वृद्ध होण्याची वाट पाहिली, तर हप्ते भरणारे हातच पुरेसे उरणार नाहीत.

तोवर विमानतळावरून परतलेली आई पुण्याच्या घरी घड्याळात साडेतीन तास मिळवून टोकियोची वेळ काढीत राहील. नातू आता शाळेतून आला असेल, एवढे तिला त्यावरून कळते. तिच्या उशाला पाणी कोणी ठेवावयाचे, हे मात्र दोन्ही देशांच्या करारांत अद्याप कोठे लिहिलेले नाही.